काचा वर करून रिव्हर्स

तुमच्याकडंही असेल म्हणा, पण आमच्या निमगावात कुणी गाडी मागे घेऊ लागलं, की दिसेल तो माणूस हातातलं काम टाकून ओरडायला येतो, "येऊ द्या, येऊ द्या!" माझे काका त्यांचे पुढारी. त्यांची अट होती, टोमॅटोच्या रिकाम्या कॅरेटच्या दोन थप्प्यांमधून गाडी मागे घेऊन दाखव, तरच मंचरच्या बाजाराला गाडी घेऊन एकटी जायचं.

आठवडाभर मी रोज थप्प्या पाडल्या, कारण काका एका दमात म्हणायचे, "डावीकडं घे! अगं, उजवीकडं!"

"काका, मला आरशात दिसतंय."

"आरसा तोंड बघायला असतो. माझ्याकडं बघ!"

शेवटी परवा मी सगळ्या काचा वर केल्या, गाणं मोठ्यानं लावलं आणि फक्त आरशांत बघितलं. बाजूला काका हातवारे करत होते, पण एक शब्दही ऐकू आला नाही. गाडी थप्प्यांच्या बरोब्बर मधून गेली. एकही कॅरेट हललं नाही.

काकांनी टकटक केलं. मी काच खाली घेतली.

"बघ, आज माझं ऐकलंस म्हणून जमलं. जा उद्या मंचरला."

परवानगी मिळाली होती, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला नाही.

"आन् बाजारात गाडी मागं घ्यायची झाली, तर फोन लाव. मी सांगतो हितनं."