ओनीची किटली

विनी : नको बाई, मी उंबऱ्याशीच बरी. बुटांना चिखल आहे.

डिंपना : चाळीस वर्षं तू माझ्या मागच्या दारात उभी राहतेस, विनी, आणि चाळीस वर्षं तुझ्या बुटांना चिखलच असतो. आत ये. चहा ओतलाय.

विनी : बरं, पण त्या खुर्चीत नाही. मी या स्टुलावर टेकते. ती तुमच्या मॅटीसाहेबांची.

डिंपना : तुझ्या लक्षात आहे?

विनी : टोपी पाठीला लटकलीय की अजून. तीन वर्षं झाली ना त्यांना जाऊन?

डिंपना : येत्या ऑक्टोबरात चार. साखर?

विनी : तीन चमचे. डॉक्टरला सांगू नका.

डिंपना : आणि शालीखाली काय धरलंयस एवढं जपून? कोंबडी?

विनी : कोंबडी असती तर तुम्ही आधी आपल्या खुराड्यात मोजून आल्या असतात.

डिंपना : अगं, तसं नाही—

विनी : थट्टा केली बाई. घ्या. तुमच्यासाठीच आणलंय. हळू, कडी जरा वाकलीय.

डिंपना : ही… ही तर ओनीची किटली. केवढी काळवंडलीय!

विनी : घासू नका हं. तो काळा रंग धुराचा आहे.

डिंपना : हिच्यातूनच तू पाणी न्यायचीस. कौन्सिलनं तुमच्या घरगाड्यांसाठी तळ बांधायच्या आधी, तुम्ही रस्त्याकडेला असताना.

विनी : तुमच्या अंगणातल्या नळाचं. तुमच्या सासूबाई म्हणायच्या, “नळ दोनदा पिळून बंद कर गं पोरी.” मी तीनदा पिळायची. लग्नानंतर ओनीनं केलेली ही पहिली किटली. हातोडी मारता मारता गुणगुणायचा—
“माझ्या हाताचा गं डाग, नको जाऊस उकलून,
रस्ता लांबचा लांबचा, पाणी नको देऊ सांडून.”

डिंपना : आवाज गोड होता त्याचा.

विनी : आवाज कसला, करवतीसारखा. पण कथलाचा डाग दिला की भांडं गळायचं नाही.

डिंपना : मग हे मला का देतेस? तुझ्याकडे राहू दे की.

विनी : ठेवता येत नाही बाई. आम्हा फिरत्या लोकांत गेलेल्या माणसाचं काही ठेवत नाहीत. त्याची गाडी जाळतात, अंथरूण जाळतात, कप-बशीसुद्धा. म्हणून तर नोव्हेंबरात त्याची घरगाडी पेटवली आम्ही.

डिंपना : ती आग… ती त्यासाठी होती?

विनी : दुसरं कशासाठी? त्यातच होती ही. मीच ठेवली होती आपल्या हातानं, त्याच्या उशाशी. आणि मग बंब आला.

डिंपना : विनी, तो बंब मी बोलावला होता.

विनी : ठाऊक आहे.

डिंपना : मला वाटलं तुमची पोरं कचरा जाळतायत, नाहीतर टायर. वारा माझ्या गवताच्या गंजीकडे होता. मी फोन उचलला, आधी विचारायचं सुचलंच नाही.

विनी : माझी पोरं चिडली होती. बापाची गाडी अर्धी जळून विझली, असं कधी कुणाचं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवावी लागली. पण त्याआधी, सकाळी मी राखेत काठी फिरवत होते, आणि काठी टणकन वाजली. ही. अजून थोडा जाळ लागला असता तर सगळे डाग वितळून नुसता पत्रा उरला असता. म्हणून आले बाई. आभार मानायला. सहा महिने झाले, पाय उचलत नव्हता.

डिंपना : माझे आभार? मी तुमची आग विझवली म्हणून?

विनी : तुम्ही विझवली म्हणून हे उरलं. घरी ठेवता येत नाही आणि फेकवत नाही. सहा महिने कुंपणाच्या झुडपात लपवून ठेवलीय, चोरीच्या मालासारखी. तुमच्या घरी ठेवा. निम्मी तुमचीच आहे, पाणी तुमचं होतं.

डिंपना : माझे आभार मानू नकोस, विनी. मला द्यायचं तर मुळीच नको. तुला ठाऊक नाही मी काय केलंय.

विनी : तळ वाढवू नका म्हणून लिहिलेल्या पत्राचं म्हणता? कौन्सिलात केली-ॲननं वाचून दाखवलं. नात माझी, शाळेत हुशार आहे. एक्केचाळीस पत्रं, म्हणाली, सगळी एकाच साच्यातली. फक्त एकाच्या तळाशी हातानं लिहिलेली ओळ होती.

डिंपना : आणि तरी तू आलीस?

विनी : पत्र तुमचं तुमच्यापाशी. मी किटलीसाठी आले. दोन गोष्टी एका पिशवीत घालू नयेत.

फर्गल : आत्या! गाडी चालू ठेवलीय. चारला कौन्सिलचं ऑफिस बंद होतं, हरकतीच्या सह्या आजच द्यायच्यात, येतेस ना बरोबर? …अरे. विनीबाई. बसलात का.

विनी : बसले बाबा. गुन्हा आहे का?

फर्गल : छे छे. आमचं तुमच्याशी वैयक्तिक काहीच नाही हं. चार जागा आहेत तळावर, आणखी तीन करायच्या म्हणजे… रस्ता अरुंद आहे हो.

विनी : अरुंद आहे खरा. तुझा ट्रॅक्टर आला की आम्ही कुंपणात शिरतो, तेव्हा कळतं. माझी लेक टेरेसा सध्या दलदलीच्या रस्त्याला आहे, तीन लेकरं घेऊन. धाकट्याला दमा. नळ नाही, वीज नाही. तो रस्ता मात्र चांगला रुंद आहे. रात्रभर लॉऱ्या जातात.

फर्गल : ते वाईटच आहे. पण कौन्सिलचा माणूसच म्हणाला ना, आत्याच्या ओळीवर बोट ठेवून : तळावर एक जागा सहा महिने रिकामी पडलीय, मग नव्या कशाला? टेरेसानं तिथं यावं. सगळ्या पत्रांत तीच ओळ भारी पडली, आत्या. चल, आवर. मी टेकतो मिनिटभर.

डिंपना : फर्गल! तिथं नको.

फर्गल : का? रिकामीच तर आहे.

(डिंपना खुर्चीवरची टोपी सरळ करते.)

डिंपना : उभाच राहा. त्या खणातून कागद दे मला. आणि पेन.

फर्गल : आता काय लिहितेस?

डिंपना : विनी, ती जागा… ओनी तिथेच गेला ना?

विनी : पहाटे. दार उघडं ठेवायला सांगितलं, आणि गेला. त्या जागेवर आमच्यातलं कुणी गाडी लावणार नाही. टेरेसा तर नाहीच, त्याची लाडकी ती. आम्ही सांगितलं कौन्सिलला. त्यांनी लिहून घेतलं, “अंधश्रद्धा.”

डिंपना : मला का नाही सांगितलंस?

विनी : तुम्ही विचारलं नाही. आणि आम्ही गेलेल्याच्या जागेविषयी फार बोलत नाही.

डिंपना : ऐका दोघं. “मी, डिंपना स्कॅली, तळाला लागून माझं शेत आहे. एक जागा रिकामी आहे असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. तिथं माझे शेजारी ओनी मॉन वारले. माझ्या घरातही एक खुर्ची आहे, तिच्यात मी कुणाला बसू देत नाही, आणि ती रिकामी आहे असं मला आजवर कुणी लिहून पाठवलेलं नाही. माझी हरकत मी मागे घेते. टेरेसाला आणि तिच्या लेकरांना नवी जागा द्यावी. पाण्याची सोय होईपर्यंत माझा नळ आहे.”

फर्गल : आत्या, अख्खं गाव काय म्हणेल?

डिंपना : रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात उभी राहीन. तोंडावर म्हणू दे.

फर्गल : आणि हे मी न्यायचं? मी?

डिंपना : तू उरलेल्या चाळीस जणांच्या सह्या नेतोयसच की. हे सगळ्यांत वर ठेव. मध्ये दबलं तर मी फोन करून विचारीन. फोन करायची सवय आहे मला.

फर्गल : …बरं. विनीबाई, येतो. टेरेसाच्या पोराला दमा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

विनी : आता झालं ना ठाऊक. सावकाश जा. अरुंद आहे रस्ता.

डिंपना : गेला. विनी, एका पत्रानं काही होईल की नाही, देव जाणे.

विनी : होईल, न होईल. ओनीला शेजारी म्हणून लिहिलंत ना तुम्ही? ते एकदा परत वाचा.

डिंपना : कागद गेला की त्याच्याबरोबर.

विनी : मग तोंडानं सांगा.

डिंपना : माझे शेजारी, ओनी मॉन.

विनी : हं.

डिंपना : ही किटली खिडकीत ठेवते. तिथून तुमचा तळ दिसतो. म्हणजे तळावरून हीही दिसेल.

विनी : आधी पाणी भरून बघ. आगीतून निघालीय, डाग धरून आहे की नाही कोण जाणे.

डिंपना : थांब. …भरली काठोकाठ. खाली हात धरलाय. कोरडा आहे, विनी.

विनी : अजून थोडा वेळ धर, डिंपना. मी बसलेय.