ठेच्यावर जवसाचं तेल

सावनेरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघीजणी बसल्या होत्या.

"सिंधूताई, तुमच्या मयुराले पाहाले पाहुणे आल्ते म्हणे?"

"आल्ते ना! पोहे तं सारेच देतात. मी भाकर अन् ठेचा वाढला, ओल्या लाल मिरचीचा."

"अवं माय! पाहुण्याइले?"

"मंग काय! एकटा ठेचा जाळते, बेबीताई. त्याच्यावर जवसाचं कच्चं तेल ओता, संगं कांदा घ्या, मंग पाहा त्याची चव. पण पोराच्या बापानं मी तेल आणाच्या आंधीच घास घेतला."

"ठसका लागला असन!"

"डोळ्यातून धारा! पाण्यानं आग अजून वाढते, म्हणून मयुराच तेल घेऊन धावली. त्याइच्या ताटात ओतलं, भाकर कुस्करून देल्ली. माणूस पोटभर जेवला अन् वरून ठेचा बांधून घेऊन गेला."

"मंग होकार आला असन!"

"त्याच दिवशी आला. मयुरानंच नाई म्हटलं."

"काहून वं बाई?"

"बाप खोकून राहिला होता अन् पोरगा हसत हसत व्हिडिओ काढून राहिला होता. माही पोरगी हाय, बेबीताई! तिनं सारं पाहिलं."

"मंग आमच्या पोराचं, दुर्गेशचं इचारू काय? त्याले ठेचा लय आवडते."

"अन् तुमाले?"

"मले तं वासानंच ठसका लागते."

"मंग रविवारी दोघंबी या. पयला घास तुमी घ्या. तेल मी जरा वेळानं आणतो."