सही ओळखणारा माणूस

ऐका, पण हसू नका माझ्यावर. पेन्शन चालू राहावी म्हणून जिवंत असल्याचा दाखला द्यायला एडवणहून पालघरच्या सरकारी कचेरीत गेले. फॉर्मवर झोकात सही केली. वाडीतली कामं उरकून, चाळिशीत एकटीने शिकलेली सही ती!

खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजी, सही चालत नाय. मशीनवर अंगठा द्या."

"अगं, अंगठा द्यायची पाळी नको म्हणून तर शिकले! गेल्या वर्षी इथल्या भाऊसाहेबांनी हीच सही चालवली."

"सही ओळखायला माणूस लागतो, आजी. भाऊसाहेब रिटायर झाले. खर्च वाचवायला सरकारने त्यांची जागाच भरली नाय."

पेन्शन थांबली तर औषधं थांबतात. दिला अंगठा. तोही मशीनने तीनदा मागून घेतला.