नऊ बाटल्यांचा मान

मंडळी, ऐका. देणाऱ्याला पुण्य लागतं, हे तुम्हाला पाठच आहे. मग ‘देत नाही, जा’ म्हणणाऱ्याला काय लागतं? डोकं खाजवू नका. आधी शिवलिंगअण्णांचा फायदा मोजू!

अण्णांचं औशात औषधांचं दुकान. धाकट्या बहिणीचे यजमान मन्मथराव, त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी केमोच्या गोळ्या सुरू केल्या. आता आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोण जातं? पूर्वी नारळ न्यायचे, हल्ली ताकदीच्या गोळ्यांची बाटली — ब जीवनसत्त्व, फोलिक ॲसिड, डोस जितका भारी तितकी माया मोठी! एसटीतून उतरलं की पहिलं दुकान अण्णांचंच. दाजी आजारी आणि गल्ला ठणठणीत, असा योग.

एकदा अण्णा स्वतः बघायला गेले. मन्मथरावांचं तोंड सोलून निघालेलं, जुलाब थांबेनात, पाण्याचा घोटही झोंबत होता. डॉक्टरांनी केमोची मात्रा कमी केली होती, असंच चाललं तर ती थांबवणारच होते. अण्णांनी बहिणीला विचारलं, काय काय देतेस? चंपाने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. देवापुढे नऊ बाटल्या!

“रोज प्रत्येकीतली एक देते, अण्णा. एकाची घेतली, दुसऱ्याची नाही, असं कसं चालेल? लोक काय म्हणतील?”

रोग एकाला, मानपान नऊ जणांचा!

अण्णांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जेवणातलं ब जीवनसत्त्व खुशाल खाऊ द्या, कमी पडलं तर मी देईन. पण पेशी वाढायला फोलिक लागतं — चांगली पेशी असो की गाठीची. जास्तीचं कुणाच्या ताटात पडेल, ते अजून कुणाला छातीठोक सांगता येत नाही. शिवाय या केमोच्या गोळ्यांसोबत फोलिकने त्रास वाढतो. आजच बंद करा.

आता गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? पण अण्णा बहिणीसमोर बसले नि म्हणाले, “चंपे, या मीच विकल्या. कुणासाठी नेताय, एवढंही विचारलं नाही.”

बाटल्या परत नेल्या, नऊ जणांचे पैसे फेडले. दुसऱ्या दिवशी मन्मथरावांची थोरली बहीण दहावी बाटली घ्यायला आली. अण्णा म्हणाले, मिळणार नाही, समोरून केळी घ्या.

“माझ्या भावाच्या ताकदीवर उठलास होय रे?”

भर बाजारात ऐकून घेतलं.

महिन्याभरात तोंडातल्या जखमा भरून आल्या, केमो पुन्हा पूर्ण मात्रेत सुरू झाली. गाठीचं पुढे काय, ते मी थापा मारून सांगणार नाही. पण मन्मथराव भाकर चावून खाऊ लागले, हे खरं.

तेव्हा मंडळी, उद्या आजाऱ्याकडे जाल, तेव्हा पिशवीत त्याची गरज नेता की आपली हौस, बघा. माया नऊ जणांनी केली, ती सोसली मन्मथरावांनी. केळीवाल्याची चांदी झाली. आणि ‘नाही’ म्हणायची किंमत? ती एकट्या शिवलिंगअण्णांनी मोजली.