विहीणबाईंचा फोन

प्रसूतिगृहाच्या खिडकीला बिजागरी ठोकणाऱ्या सुताराची हातोडी हवेतच राहिली. मागच्या बाकावर नातवंडांची वाट बघणाऱ्या आजी-आजोबांची चांगलीच जुंपली होती.

"अहो, आपल्या गोऱ्या विहीणबाई परदेशातून इंग्रजीत विचारतायत, जुळी झाली का? 'ऑलरेडी' म्हणून टाका!"

"अगं, ते झाल्यावर! आत्ता 'नॉट येट'."

"लग्नात त्या जेवायच्या होत्या, तरी 'ऑलरेडी' जेवल्या म्हणालात आणि बिचाऱ्यांना उपाशी ठेवलंत!"

"म्हणून तर शिकलो ना!"

तेवढ्यात नर्स धावत आली. "मुलगी झाली! दुसरं बाळ वाटेवर आहे!"

आजोबा फोनवर गरजले, "वन ऑलरेडी! वन नॉट येट!"

"काय म्हणाल्या?"

"'थँक यू, थँक यू' म्हणत हमसून हमसून रडतायत."

"अगं बाई! आता पुन्हा काय चुकलात?"