अर्धा आऊट

जवळा बाजारच्या स्टँडवर औंढ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकड्यावर एक पागोटेवाले काका आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला तरुण बोलत होते.

“देविदास, मी सोयरिकीला गेलो आन् तांड्यात कबड्डीचा काय घोळ झाला?”

“मैदानावर कोणी येत न्हाई म्हणून मी गट पाडले, काका. कोण काहून येत न्हाई, ते एकेका गटाला इचारलं. तरणे म्हणले, बघणारं कोणी न्हाई. म्हणून बायांना बघायला बोलावलं.”

“आन् जाणते?”

“आमाला मान न्हाई म्हणले. मंग समद्यायला शिट्ट्या देऊन पंच केलं.”

“समद्यायला?”

“व्हय. पहिल्याच चढाईत दिपक आऊट का न्हाई, याच्यावर समदे लिंबाखाली बैठकीला बसले. दोन्ही बाजू ऐकल्या, चहा मागवला.”

“बराबर हाय. न्यायात घाई करू न्हाई. ठरलं काय?”

“तडजोड झाली. दिपक अर्धा आऊट.”

“मंग तो आत का भाईर?”

“एक पाय आत, एक भाईर. तसाच उभा व्हता बिचारा.”

“म्हंजी मॅच बोंबलली!”

“न्हाई ना! बाया वाट पाहून कटाळल्या. आपल्या भिकाकाकीनं पदर खोचला, दिपकला उचलून बाजूला ठेवलं, आन् बायांनीच पुरी मॅच खेळून टाकली.”

“आमची भिकाबाई? घरी तर तिचे गुडघे दुखतेत!”

“आता त्या रोजच खेळून राहिल्या.”

“मंग बघायला कोण उरलं?”

“त्या गटात जागा हाय, काका. तुमी येता का?”