तूर्त बंद

(नावाच्या पाट्या कोरायचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. भाचा कपाटामागे, मामी संगणकापुढे.)

मामी : मिळालं का काही, की नुसतीच जळमटं?

भाचा : मिळालं. दोन्ही यंत्रांच्या वायरी सारख्याच आहेत, अगदी जुळ्या. संगणक सुरू झाला की जी आधी जागी होते तिला तो शून्य नंबर देतो, दुसरीला एक. त्याला पितळ कळत नाही आणि लाकूडही कळत नाही.

मामी : म्हणूनच काल दोन वर्षांनी पितळेचं यंत्र जोडलं, तर डॉक्टरीणबाईंच्या पितळी पाटीचं काम लाकडाच्या यंत्रावर गेलं. फळी चिरली, सुई मोडली. पितळेचं यंत्र विकायला काढलंय मी. उद्या सकाळी माणूस येतोय बघायला.

भाचा : मामाचं यंत्र विकणार तू?

मामी : मग काय मांडीवर घेऊन बसू त्याला? तुझे मामा होते तेव्हा रोज सकाळी दोघं लागायचो. ते कपाटामागे, मी इथे पडद्यापुढे. आधी लाल ठिपक्याची वायर, मग दहा आकडे मोजायचे, मग दुसरी. आता एकटीनं कपाटाच्या दोन्ही बाजूंना कशी उभी राहू?

भाचा : ठिपका वायरीवर आहे, तसा ती लागते त्या भोकावरही आहे. आणि मामी, हा रंग नाही. नेलपॉलिश आहे.

मामी : माझी बाटली! वर्षभर मी तुझ्या आईवर संशय धरला होता रे. तिला सांगू नकोस.

भाचा : सांगणार. सरक जरा, कीबोर्ड दे. लिनक्समध्ये सोपं असतं हे. एक फाइल करायची. या भोकात जे लागेल त्याचं नाव पितळ, त्या भोकातल्याचं लाकूड. मग कोणी आधी उठो, कोणी मागून, नावं बदलत नाहीत.

मामी : आयुष्यभर लोकांची नावं कोरली, आणि आपल्याच यंत्रांना नाव द्यायचं सुचलं नाही.

भाचा : सुचलं होतं.

मामी : कोणाला?

भाचा : फाइल आधीच आहे इथे. दोन ओळी, पितळ आणि लाकूड. मामानंच लिहिल्यात. पण ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली की संगणक ती ओळ वाचतच नाही. दोन्हींपुढे खूण आहे. आणि वर लिहिलंय, ‘तपासली. चालते. तूर्त बंद.’

मामी : तारीख?

भाचा : सात वर्षांपूर्वीची.

मामी : दुसरं यंत्र आलं तेव्हाची. आमची लेक परदेशी गेली ते वर्ष.

भाचा : तेव्हा तू खाली यायचीच बंद झाली होतीस म्हणे. आई सांगते.

मामी : कशाला यायचं? दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसायची मी. आणि हे नऊच्या ठोक्याला जिन्याखालून हाक मारायचे, ‘अगं, येतेस का? वायरींचं एकट्याला जमत नाहीये.’ मी करवादत उतरायची. एकदा उतरले की मग जेवायच्या वेळेपर्यंत खालीच.

भाचा : म्हणजे मामा गेला तोवर पाच वर्षं.

मामी : वर्षाच्या तीनशे सकाळी धर. दीड हजार वेळा खोटं बोलून जिना उतरायला लावला या माणसानं. आणि मी वेडी, दर वेळी दहा आकडे मोजत होते. मोठ्यानं.

भाचा : खुणा काढू का?

मामी : तूर्तच लिहिलंय ना त्यांनी? काढ. वरची ओळ मात्र तशीच राहू दे.

भाचा : काढल्या. आणि उद्याचा तो माणूस?

मामी : येऊ नका म्हणून कळवते.

भाचा : मग आता तपासून बघू. लाल ठिपक्याची वायर मुद्दाम शेवटी लावतो. तू पडद्यापुढे बस.

मामी : थांब जरा. मी वर जाते. तू जिन्याखालून हाक मार.